‘अणूच्या अंतरंगात’ : एका हस्तलिखिताचा खटला

“तुरुंगातल्या माणसाला कसले आले हक्क? मिळतात त्या सवलती!” हे वाक्य हल्ली सुशिक्षितांच्याही तोंडी सहज येते. ते बोलणाऱ्यांना ठाऊक नसावे की हाच युक्तिवाद महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात केला होता आणि तो तेथे हरला. तोही एका मराठी पुस्तकापायी.

१९६२ च्या चीन युद्धकाळात कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध करण्यात आले. खटला नाही, शिक्षा नाही. मुंबईच्या तुरुंगात त्यांनी सरकारच्याच परवानगीने ‘अणूच्या अंतरंगात’ हे निव्वळ शास्त्रीय पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने ती नाकारली. का, तर स्थानबद्धतेच्या अटींत तशी मुभा लिहिलेली नाही!

युक्तिवादाची ही तऱ्हा नीट पाहा. नियमात लिहिलेले नाही, म्हणून हक्क नाही. हाच न्याय ताणला, तर श्वास घेण्याची मुभा तरी कोणत्या अटीत लिहिलेली असते?

उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने कौल दिला. सरकार अपिलात गेले. १९६५ मध्ये न्या. सुब्बा राव यांनी लिहिलेल्या निकालपत्राने ते अपील फेटाळले. अटी या निर्बंध आहेत, बक्षिसे नव्हेत. निर्बंध जेथे संपतो, तेथे स्थानबद्धाचे स्वातंत्र्य शाबूत असते. आणि हे सांगितले गेले ते आणीबाणी लागू असताना. नियमांबाहेरच्या मनाईला आणीबाणीची ढाल मिळणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

मंडालेत टिळकांनी लिहिलेल्या ‘गीतारहस्या’च्या वह्या इंग्रज सरकारने तपासणीसाठी ठेवून घेतल्या होत्या, सुटकेनंतर का होईना, त्या परत केल्या. स्वराज्यातले सरकार मात्र अणूवरच्या वहीसाठी दिल्लीपर्यंत भांडले.

“संझगिरी स्थानबद्ध होते, गुन्हेगाराचे काय?” असा पुढचा प्रश्न येतोच. १९७४ च्या भुवन मोहन पटनायक खटल्यात नक्षलवादी कैद्यांची याचिका फेटाळली गेली, हे खरे. परंतु त्याच निकालात न्यायालयाने नोंदवले की केवळ दोषसिद्धीमुळे कैद्याचे सर्व मूलभूत हक्क गळून पडत नाहीत.

‘गुन्हेगारांचे लाड’ म्हणणाऱ्यांनी आता एवढेच सांगावे : संझगिरींचा गुन्हा कोणत्या न्यायालयात सिद्ध झाला होता?