लेकरांना घेऊन दोन रात्री बाहेर

बोनस हातात पडला की बोईसर-तारापूरच्या वस्त्यांत सहलीची बोलणी सुरू होतात. कंपनीतले चार-पाच जण मिळून दमणला जाऊन येतात. घरी बाईला आणि मुलांना "पुढच्या वर्षी बघू" असे उत्तर मिळते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दमणच होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आरोग्याच्या पानावर काढतो आहोत. लहान मुले असलेल्या घराने वर्षातून एकदा, दोन रात्री का होईना, घर सोडून एकत्र राहणे हा औषधपाण्याइतकाच घरखर्चाचा भाग आहे, असे आमचे मत आहे. आणि नीट निवड केली तर तो खर्च परवडतो.

"हे पैसेवाल्यांचे चोचले" असे म्हणणारी वडीलधारी माणसे आम्हाला भेटतात. त्यांना आम्ही एक आठवण करून देतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातल्या कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर सलग दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. पुढच्या वर्षी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ज्याचे पोट हातावर, त्यालाही विसावा हवा, हे तेव्हा कायद्यात लिहिले गेले.

१९४८ च्या कारखाने कायद्यात हा हक्क असा होता: वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा, म्हणजे निदान १२ दिवस, पुढच्या वर्षी घेता येत. २०२० च्या नव्या संहितेत २४० ऐवजी १८० दिवस धरले आहेत. कारखान्यातल्या कंत्राटी कामगारालाही हा हक्क आहे. ठेकेदार सांगत नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. हजेरी स्वतःच्या वहीत लिहा आणि रजेचा अर्ज निदान पंधरा दिवस आधी, लेखी द्या. आमच्याकडे कितीतरी जणांची ही रजा न घेताच जाते, किंवा लग्नाकार्यात आणि मयतीत संपते.

इंग्लंडात पगारी रजेचा कायदा १९३८ साली झाला. त्यानंतर गिरणी-खाणीतल्या कामगारांची कुटुंबे समुद्रकाठी जाऊ लागली. हॉटेल त्यांनाही परवडत नव्हते. त्यातून कॅराव्हानच्या वसाहती वाढल्या. कॅराव्हान म्हणजे चाकांवरची एक खोली, आत पलंग आणि एक शेगडी. गवताच्या मैदानावर अशा खोल्या ओळीने उभ्या, नळ आणि संडास-न्हाणी सामाईक, स्वयंपाक आपला आपण, आणि मुले दिवसभर मोकळ्यावर. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण काढले आहे. पण इथे ती गाडी भाड्याने घेणे हेच आपल्या आवाक्याबाहेरचे. म्हणून आम्ही म्हणतो, गाडी सोडा, तिच्यामागची रीत घ्या: एकाच जागी मुक्काम, चूल आपली, मुलांना पळायला मोकळी जागा.

ही रीत धरली की वॉटर पार्क आपोआप बाद होतात. दिवसभराच्या तिकिटात चार वर्षांच्या मुलाला गुडघाभर पाण्यापलीकडे काही मिळत नाही, आणि आई ओले कपडे सांभाळत बसते. दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला आपण जातो, जात राहू. पण गर्दीत लेकरू कडेवर घेऊन रात्रभर केलेला तो प्रवास विसाव्यात मोजू नये.

मग जायचे कुठे? बोईसरकरांना चिंचणीचा किनारा जवळचा, संध्याकाळी जाऊन परत येण्याजोगा. मुक्कामासाठी मात्र जरा लांब जावे असे आम्हाला वाटते, आणि त्याला कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले. सत्तरच्या वर गेले की क्षेत्र अतिप्रदूषित समजतात, आणि तारापूरचा आकडा देशात सगळ्यांत वरचा होता. वसाहतीचे सांडपाणी प्रक्रियेनंतर नलिकेने नवापूरच्या समुद्रात सोडतात, तेव्हा लहान मुलांना डुंबायला त्या बाजूचा किनारा आम्ही सुचवणार नाही. दोन दिवसांनी फुप्फुसे धुऊन निघत नाहीत, हे आम्हालाही कळते. पण जे मूल रोज रात्री वासाने खोकत झोपते, त्याला दोन रात्री सलग झोप लागली तर तेही थोडे नाही. तिथे खोकला कमी झाला आणि घरी आल्यावर वाढला, तर ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगा. निदानाला मदत होते.

आमची पहिली पसंती बोर्डी. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे आणि तिथे नव्या कारखान्यांवर बंधने आहेत. डहाणूला औष्णिक वीजकेंद्र आहे हे खरे, पण बोर्डी तिथून बरीच उत्तरेला, चिकूच्या वाड्यांत आणि सुरूच्या झाडांत. बोईसरहून लोकलने वाणगाव, मग डहाणू रोड, आणि तिथून बस किंवा रिक्षा. विरार-डहाणू लोकल २०१३ पासून धावतात, पण फेऱ्या मोजक्याच असल्याने वेळ आधी पाहून ठेवावी. लहान मुलांच्या बाबतीत बोर्डीचे आणखी एक नाते आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिंपले, पाने, खडे, बिया यांवर त्यांनी गरिबांच्या मुलांना शिकवले. आपल्या मुलाला तिथे विकतचे खेळणे लागणार नाही, एक जुना डबा आणि चमचा पुरे.

दुसरी पसंती केळवे. पालघरच्या पुढचेच केळवे रोड स्टेशन, तिथून रिक्षाने किनारा. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी उसळते, खोलीचे भाडे चढते आणि संडासांची दशा होते. ज्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, त्यांचा इथे फायदाच. मंगळवारी-बुधवारी तीच खोली कमी पैशांत मिळते, थोडी घासाघीसही चालते. जव्हार थंड आणि सुंदर, पण घाटरस्त्यात लहानग्यांना उलट्या होतात. मुले पाचाच्या पुढे गेली की मग जावे. पावसाळ्यात धबधबे पाहायला तान्हे घेऊन जाऊ नये, एवढेच म्हणतो.

खोली निवडताना बहुतेक जण आधी भाडे विचारतात. आम्ही सांगू, आधी संडास विचारा. तो खोलीला जोडून आहे का, पाणी चोवीस तास आहे का, रात्री तिथवर उजेड आहे का? संडासाची सोय नसली की आपल्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी येतात ती लघवीची जळजळ घेऊन. ही सहल तिच्या विसाव्यासाठी असेल तर निवडीचा शेवटचा शब्द तिचाच असला पाहिजे. मग प्यायचे पाणी बोअरचे की नळाचे, आणि गॅसची शेगडी वापरू देतात का, तेही विचारून घ्या. किनाऱ्यावरच्या गावांत घरगुती निवासाच्या खोल्या मिळतात. चूल वापरू दिली तर खर्च बराच खाली येतो. पण तिथेही बाईच चुलीपुढे बसली तर तिने काय फक्त गाव बदलले? एक वेळचे पुरुषांनी रांधावे, एक वेळचे खानावळीतून आणावे.

आणखी एक प्रश्न असतो, तो समोरून येतो. फोनवर माणसे किती हे विचारून झाले की, "आडनाव काय?" कधी तो पावतीपुरता असतो, कधी नसतो. आडनाव सांगितल्यावर "मालकांना विचारून कळवतो" म्हणून न आलेले फोन आमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहेत. संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा सगळ्यांना खुल्या केल्या आहेत. जातीवरून खोली नाकारली तर फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सांगा. पण आडनाव बदलून खोली घेऊ नका. मुले ऐकत असतात.

समुद्राचे वेळापत्रक घरातल्या निदान एकाला कळले पाहिजे. पौर्णिमा आपण विसरत नाही, तिच्यावरूनच हिशोब बांधा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास मोठी भरती असते आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. त्यानंतर दर दिवशी वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून अष्टमीच्या सुमारास भरती सकाळ-संध्याकाळी येते. बोर्डीला ओहोटीचे पाणी फार आत जाते आणि मुले त्याच्या मागे धावतात. पाणी वळले की सपाट किनाऱ्यावर ते भराभर येते. ओहोटी लागल्यापासून पाणी वळेपर्यंतचा वेळ वाळूत खेळायला चांगला. तेव्हाही मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे, आणि दारू घेतलेल्याच्या स्वाधीन मूल करू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. उन्हाळ्यात जावेच लागले तर अकरा ते चार सावलीत काढा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला प्रवासातही फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. मोठ्या मुलाला जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे-थोडे पाजत राहा. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा डोळे खोल गेले तर सहल तिथेच सोडून दवाखाना गाठा. दम्याच्या मुलाचा पंप पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

पैशांचे पाहू. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. एसटीत मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. म्हणजे आजी, आई आणि तान्हे यांचे मिळून एसटीला एक अर्धे तिकीट पुरते. खर्च खरा मुक्कामाचा आहे, आणि तो वाटून घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. बचत गटातल्या चार घरांनी महिन्याला दोनशे रुपये वेगळे टाकले तर वर्षाला ९,६०० रुपये होतात. त्यातून एक घर किंवा मोठी खोली आठवड्याच्या मधल्या वारी दोन रात्रींसाठी ठरवता येते, तांदूळ-डाळ घरून न्यायची. कर्ज काढून मात्र जाऊ नये. दोन दिवसांच्या विसाव्याचे हप्ते वर्षभर फेडायचे, तर तो विसावा कसला?

दमणला जाणाऱ्या बंधूंशी आमचे भांडण पैशांवरून आहे, आणि पंचशील घेतलेल्या माणसाला पाचवे शील आम्ही आठवून द्यावे असे नाही. एका खेपेचे गाडीभाडे, दारू आणि खोली यांचा खर्च कागदावर मांडा आणि शेजारी बोर्डीच्या दोन रात्री मांडा. तो कागद बायकोला दाखवा.

वस्तीत बसून होण्यासारखे हे झाले. सगळे आपल्याच खिशातून का, हा प्रश्न उरतो. जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या चिठ्ठीवर कामगार कल्याण निधीची छोटी कपात असते, मालकही त्यात भर घालतो. हा निधी १९५३ च्या कायद्याने कामगार आणि त्याच्या कुटुंबासाठी आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, किनारा लांबलचक आहे, कारखाने दाराशी आहेत. बोर्डीला किंवा केळव्याला साध्या पंचवीस खोल्या, सामाईक स्वयंपाकघर, स्वच्छ संडास आणि रात्रीचा दिवा एवढे कामगार कुटुंबांसाठी उभे करा, असा अर्ज महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे वस्त्यावस्त्यांतून गेला पाहिजे. अर्जावर बायांच्या सह्या आधी घ्याव्यात.