बरोबर कोण होतं?

मिलानहून कोमो सरोवराकाठच्या वारेन्नाला आगगाडीने सुमारे तासाभरात पोचता येते. ही माहिती फोनवर मिळते; मग इटलीवरचे 'रोमराज्य' कशाला वाचायचे? आमचे उत्तर : दृष्टीसाठी. एकट्या प्रवाशाची भाषा सोबत्याशी बोलण्यात खर्च होत नाही, ती पाहण्यासाठी उरते. मीना प्रभूंचे मोल मात्र आपली समीक्षा माहिती आणि बाईचे धाडस या दोनच मापांनी करत आली. 'अपूर्वाई'चा (१९६०) प्रवास सपत्नीक होता; पु. लं.च्या सोबतीची चौकशी कुणी केली? शैलीचीच केली, आणि ते योग्यच. पिंपळीची विद्यार्थिनी बारामतीहून दौंडची गाडी एकटीने पकडते, तेव्हा घरचा पहिला प्रश्न सोबतीचाच असतो. निदान साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत तरी तो नको. तिथे वाक्यांवर प्रश्न काढा.