विश्लेषण : मागाठाणे दोन हजार वर्षे जुने, मग पाया खोदताना माती कोण पाहते?

ग्वाटेमालाच्या जंगलावर विमानातून लेझर किरण सोडून संशोधकांनी २०१८ मध्ये माया संस्कृतीची ६० हजारांहून अधिक बांधकामे शोधली. झाडांनी झाकलेली शहरे स्क्रीनवर दिसू लागली. मुंबईच्या उपनगरांतही जुन्या वस्तीच्या खुणा आहेत, पण त्यांच्यावर जंगल नाही, इमारती आहेत. रिडेव्हलपमेंटमध्ये तर खालची मातीच ट्रकमधून निघून जाते.

उपनगरे खरेच नवी आहेत?

नाही. सात बेटांची गोष्ट ही दक्षिण मुंबईची. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा भाग साष्टी बेटाचा. कांदिवलीत के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंधेरीची महाकाली (कोंडिविटे) लेणी आणि बोरिवलीजवळची कान्हेरी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदली जाऊ लागली.

लेणी काय सांगतात?

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची नावे आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली. एका लेखात ‘मंगलस्थान’ गावातील शेत दान दिल्याची नोंद आहे. अभ्यासकांच्या मते हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे. बसच्या पाटीवरचे नाव सातवाहन काळापर्यंत मागे जाते!

मग अडचण कुठे आहे?

लेणी भिक्षूंची होती. त्यांना धान्य पुरवणारे शेतकरी, व्यापारी, कारागीर कुठे राहत होते, याचा पुरावा दगडात नाही, मातीत आहे: खापरे, मणी, नाणी, चुलीची राख. कायदा मात्र स्मारकाभोवती वर्तुळ आखतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. गावाचे अवशेष त्याबाहेर असतील, तर बेसमेंट खोदताना तिथे पुरातत्त्वज्ञ असण्याची सक्ती नाही.

लेझरने काम होणार नाही?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीत हे तंत्र उपयोगी ठरू शकते. पण लेझर जमिनीचा आकार दाखवतो, पोटातले थर नाही. पार्किंगसाठी तीन मजले खोल खड्डा घेतला की पुरावा कायमचा संपतो.

उपाय काय?

रिडेव्हलपमेंट थांबवणे हा उपाय नव्हे. गळक्या इमारतीतून भाड्याच्या घरात गेलेल्या कुटुंबाला आणखी ताटकळत ठेवणे अन्यायाचे आहे. पण आधी अडवून मग खोदण्यापेक्षा, खोदतानाच पाहता येते. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाच्या नियमांनुसार पुरातत्त्व तपासणीचा खर्च सहसा विकासकच उचलतो.

इथे सुरुवात छोटी असू शकते. जुनी गावठाणे आणि लेण्यांच्या आसपासच्या भागाचा नकाशा महापालिकेने तयार करावा. तेवढ्याच भूखंडांवर पायाखोदाईच्या वेळी पुरातत्त्वज्ञाची हजेरी, फोटो आणि जीपीएस नोंद ही परवानगीची अट असावी. माती परीक्षणाशिवाय टॉवर उभा राहत नाही. त्याच बोअरमधली माती इतिहासासाठीही तपासता येईल.

माया शहरे शतकानुशतके जंगलात झाकलेली राहिली, म्हणून आज सापडतात. साष्टीच्या मातीला तेवढी सवड नाही. पुढचा खड्डा खोदण्याआधी हा नियम यायला हवा.