कामगार दिसावा म्हणून

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरून पहाटे पाचच्या सुमारास जाणाऱ्याला दुभाजकाच्या पायथ्याशी वाकून झाडणारी माणसे दिसतात. अधिक नेमके बोलायचे तर, अगदी जवळ जाईपर्यंत ती दिसत नाहीत. त्यांच्यापैकी अनेकींच्या अंगावर साडी असते, साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना सदरा आणि त्यावर कंत्राटदाराने दिलेले केशरी किंवा पोपटी जाकीट. थंडीच्या दिवसांत त्याच्यावर शाल गुंडाळलेली असते. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद. म्हणजे जाकीट दिलेले असते, घातलेलेही असते, हजेरीच्या वेळी ते तपासलेही जाते. तथापि मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला जे दिसायला हवे ते शालीखाली झाकलेले असते.

या जाकिटाला बाजारात आणि कामावर सर्वत्र ‘रेडियमचे जाकीट’ म्हणतात. त्यात रेडियमचा अंशही नसतो, हे वेगळे सांगावयास नको. परंतु या नावामुळे एक गैरसमज दृढ झाला आहे, तो असा की जाकीट स्वतःच प्रकाश देते व त्यामुळे ते घातलेला मनुष्य अंधारात आपोआप सुरक्षित होतो. वस्तुतः या एका वस्त्रात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र शिवलेल्या असतात. कापडाचा भडक रंग सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. हा रंग दिवसा, विशेषतः ढगाळ हवेत आणि तिन्हीसांजेला, फार उपयोगी पडतो. सूर्य मावळला की त्याचे काम जवळजवळ संपते. रूपेरी पट्टीचे काम नेमके तेथून पुढे सुरू होते. तिच्यातील काचेचे अतिसूक्ष्म मणी, किंवा बारीक लोलक, समोरून आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवितात. म्हणून दिवे लावलेल्या गाडीच्या चालकाला ती पट्टी लखलखीत दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ती करड्या चिंधीसारखी वाटते. दिवे बंद असलेल्या ट्रॅक्टरपुढे ती निरुपयोगी होय.

या वस्तूचा इतिहास फार जुना नाही. 1964 साली स्कॉटलंडमध्ये ब्रिटिश रेल्वेने ग्लासगोजवळच्या नव्याने विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रुळांची देखभाल करणाऱ्या कामगारांना भडक केशरी जाकिटे प्रयोगादाखल दिली. या जाकिटांना ‘काजवे’ असे नाव पडले होते. विजेवरच्या गाड्या वाफेच्या गाड्यांपेक्षा वेगवान आणि बऱ्याच कमी आवाजाच्या होत्या. कामगाराला गाडी ऐकू येईपर्यंत उशीर होण्याची शक्यता वाढली होती. म्हणून निदान चालकाला कामगार दूरवरून दिसावा, हा त्यामागचा विचार. म्हणजे जाकीट आले ते एका विशिष्ट ठिकाणच्या, विशिष्ट धोक्याचे उत्तर म्हणून. आज आपल्याकडे ते सरसकट गणवेश म्हणून वाटले जाते आणि धोका कोणता, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारला तर निवड आपोआप बदलते. लोहमार्गावर पिवळा, हिरवा व तांबडा हे सिग्नलचे रंग असल्यामुळे कामगाराला केशरी शोभतो. रस्त्याच्या कामावर खोदाईची यंत्रे बहुधा पिवळी असतात. त्यांच्याशेजारी पिवळे जाकीट घातलेला मजूर यंत्राचाच एक भाग वाटू लागतो, आणि मागे येणाऱ्या यंत्राखाली माणूस सापडण्याचे अपघात अशा ठिकाणी घडतात. तेथेही केशरी बरा. जून-जुलैत मराठवाडा हिरवा होतो, तेव्हा पोपटी जाकीट पिकाच्या व गवताच्या रंगात विरघळते. याउलट वाळूज किंवा शेंद्र्याच्या एखाद्या गोदामात, जेथे फोर्कलिफ्ट केशरी आणि भिंती करड्या, तेथे पिवळाच उठून दिसेल. एक रंग सर्वत्र चालेल असे मानणे हे खरेदी खात्याच्या सोयीचे आहे, कामगाराच्या नव्हे.

रंगाहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कापडाचे व पट्टीचे क्षेत्रफळ. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 20471 यात तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात भडक कापड किमान 0.14 चौरस मीटर व पट्टी 0.10 चौरस मीटर असावी लागते. दुसऱ्यात हेच प्रमाण 0.50 व 0.13, तिसऱ्यात 0.80 व 0.20. पट्टीची रुंदी 50 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. भारतीय मानक ब्युरोचेही आयएस 15809 हे मानक आहे. कारखान्याच्या आवारात, जेथे वाहने सावकाश चालतात, तेथे कनिष्ठ वर्ग पुरतो. शहरातील रस्त्यावर दुसरा वर्ग हवा. समृद्धी महामार्गाची देखभाल करणाऱ्याला मात्र तिसऱ्या वर्गाखेरीज पर्याय नाही, कारण ताशी 120 किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात 33 मीटर अंतर कापते. चालकाने धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतच 50 मीटर मागे पडतात. मंद दिव्यांच्या प्रकाशात काळसर कपड्यातला माणूस तीसचाळीस मीटरांवर दिसतो. चांगली पट्टी दीडदोनशे मीटरांवरून डोळ्यांत भरते. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. शिवाय नुसत्या छातीवर पट्टी असेल तर चालकाला दुरून एक चमकणारी वस्तू दिसते. दगड आहे, फलक आहे की मनुष्य, हे कळत नाही. मनगटावर व पोटऱ्यांवर पट्ट्या असतील तर त्यांची हालचाल पाहताच तो मनुष्य आहे हे उमगते. तिसऱ्या वर्गात बाह्या किंवा विजार का लागते, त्याचे कारण हेच.

कारखान्याच्या आत आणखी निराळे प्रश्न उभे राहतात. स्वस्त जाकीट पॉलिएस्टरचे असते. वेल्डिंगची ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटते. तेथे आग न धरणारे कापडच हवे. फिरत्या यंत्राजवळ सैल, लोंबते जाकीट हे संरक्षण नसून फास होय. तेथे ते अंगाबरोबर बसणारे आणि ओढ बसताच सुटणारे असावे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जाड, बंद कापडाचे जाकीट कोणीही दुपारी काढून टाकणारच, आणि त्यासाठी कामगाराला बेशिस्त ठरविणे अन्यायाचे आहे. जाळीच्या कापडाचे जाकीट मिळते, ते मागविले पाहिजे. पावसाळ्यात रेनकोटवरच पट्ट्या असाव्यात, जाकिटावर रेनकोट नसावा. साडीवर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी पदर व सदरा लक्षात घेऊन बेतलेले, पुढून पूर्ण बंद होणारे जाकीट शिवणे हे या शहरातील कोणत्याही महिला बचत गटाला जमण्याजोगे काम आहे. पण ते तसे हवे, असे निविदेत कोणी लिहीत नाही.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. 1970 साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे 2001 साली त्यांना ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्याचा तो पाया ठरला. त्यांचा मुद्दा असा की, वस्तूचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर चांगल्या वस्तूला तिची किंमत मिळत नाही व हळूहळू वाईट मालच बाजार व्यापतो. रेडियमच्या जाकिटाचा बाजार हे त्याचे बोलके उदाहरण होय. शंभर रुपयांच्या आत मिळणारे जाकीट आणि त्याच्या काही पट किमतीचे प्रमाणित जाकीट दुकानाच्या उजेडात सारखेच दिसतात. एकावरची पट्टी खरी असते, दुसऱ्यावर नुसती चकचकीत रूपेरी फीत. त्यातून सार्वजनिक संस्थांची खरेदी किमान दराच्या निविदेने होते आणि निविदेत ‘सेफ्टी जॅकेट, नग इतके’ एवढेच लिहिलेले असते. मग जो प्रामाणिक पुरवठादार खरी पट्टी लावतो तो दरातच बाद होतो. शिवाय जाकीट विकत घेणारा कंत्राटदार आणि ते घालून रस्त्यावर उभा राहणारा मजूर या दोन भिन्न व्यक्ती आहेत. वाचलेले पैसे पहिल्याच्या खिशात जातात. जोखीम दुसऱ्याच्या अंगावर राहते.

हे अज्ञान दूर करणे महाकठीण आहे असेही नाही. अंधाऱ्या खोलीत जाकीट दहा-पंधरा पावलांवर टांगावे, बॅटरी डोळ्याशेजारी धरून त्यावर प्रकाश टाकावा. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटून उठते, नुसती फीत मळकट राहते. मोबाइलचा फ्लॅश लावून छायाचित्र घेतले तरी तोच फरक दिसतो. ही प्रयोगशाळेतील परीक्षा नव्हे, तिने मानकाची पूर्तता सिद्ध होत नाही; परंतु उघड बनावट माल वेचून काढायला ती पुरेशी आहे. महानगरपालिकेच्या भांडारपालाने माल उतरवून घेताना एवढे केले तरी बराच माल परत जाईल. आतील चिठ्ठीवर मानकाचा क्रमांक, वर्ग आणि किती धुलाईपर्यंत गुण टिकतो हे छापलेले असावे लागते. चिठ्ठीच नसेल तर बोलणेच खुंटले. ही धुलाईची मर्यादाही हिशेबात धरली पाहिजे. आपल्या उन्हाने भडक रंग विटतो, धुळीने पट्टी आंधळी होते, आणि दगडावर ब्रशने घासून धुतले तर मणी निघून जातात. वर्षाला एक जाकीट हा नियम कोणी व कशाच्या आधारे ठरविला, याचे उत्तर मिळत नाही.

मात्र जाकिटाचे महत्त्व सांगताना त्याच्या मर्यादेकडे डोळेझाक करणे घातक ठरेल. 13 फेब्रुवारी 2023 रोजी पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ रुळांवर काम करणारे चार ट्रॅकमन रेल्वेच्याच टॉवर वॅगनखाली सापडून मरण पावले. ही वॅगन उलट दिशेने आली होती, असे त्यावेळी प्रसिद्ध झाले होते. कामगाराचे लक्ष ज्या दिशेला नाही त्या दिशेने वाहन येत असेल तर अंगावरच्या वस्त्राने त्याला इशारा मिळत नाही. वस्त्र चालकाशी बोलते, कामगाराशी नव्हे. 8 मे 2020 रोजी करमाडजवळ जालन्याहून पायी निघालेले आणि रुळांवर झोपी गेलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले, तो प्रसंग जिल्हा विसरलेला नाही. त्यांचा प्रश्न जाकिटाचा नव्हताच. पण त्या पहाटे चालकाने माणसे पाहिली होती आणि गाडी थांबविण्याचा प्रयत्नही केला होता, हे रेल्वेने सांगितले आहे. नुसते दिसणे पुरत नाही. दिसल्यानंतर थांबण्याइतके अंतर आणि वेळ उरावा लागतो. म्हणून रुळांवर आधी वाहतूक बंद ठेवणे, मग पहारेकरी व इशाऱ्याची यंत्रणा, आणि सर्वांत शेवटी जाकीट असा क्रम आहे. रस्त्यावरही आधी अडथळे, फलक, वेगमर्यादा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी 55 या मार्गदर्शिकेत कामाच्या जागी वाहतूक कशी वळवावी याचा सविस्तर विचार आहे. प्रत्यक्षात दोन दगड, एक झाडाची फांदी आणि पोपटी जाकीट घातलेला एक मुलगा एवढ्यावर महामार्गाचे काम भागविले जाते.

क्रम उलटा झाला की जाकीट हे संरक्षणाचे साधन न राहता पुराव्याचे साधन बनते. अपघातानंतर पहिला प्रश्न येतो, ‘जाकीट घातले होते का?’ नसेल तर दोष मेलेल्याचा. असेल तर मालकाने कर्तव्य पार पाडले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. सुरक्षित कामाच्या जागेची जबाबदारी तिने नियोक्त्यावर टाकली आहे आणि सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूंचे पैसे कामगाराकडून घेण्यास मनाई केली आहे. हे योग्यच झाले. परंतु योग्य जाकीट आणि कोणतेही जाकीट यांतील फरक निरीक्षकाने पाहावयाचा आहे, आणि निरीक्षक पहाटे पाचला रस्त्यावर नसतो.

ज्यांना नियोक्ताच नाही त्यांचे काय, हा प्रश्न त्याहून बिकट. गळीत हंगामात पैठण, गंगापूरच्या रस्त्यांवरून रात्रभर उसाच्या ट्रॉल्या व टायरगाड्या चालतात. गाडीच्या पुढे बैलांशी चालणारा माणूस, ट्रॉली अडकली तर चाकाखाली दगड लावायला उतरणारी बाई, यांना कारखाना आपले मानत नाही. मुकादम उचल देतो, जाकीट देत नाही. ट्रॉलीच्या मागे रेडियम लावण्याच्या मोहिमा अधूनमधून होतात, गाडीबरोबर चालणाऱ्या माणसांपर्यंत त्या पोहोचत नाहीत. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्यात महामंडळ स्थापन झालेले आहे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी हे या व्यवसायातले मोजमाप; तेव्हा प्रत्येक कोयत्यामागे दोन जाकिटे, दुसऱ्या वर्गाची, केशरी, थंडीच्या कपड्यांवरून घालता येतील अशी ऐसपैस, हंगाम सुरू होण्याआधी गावातच हाती पडली पाहिजेत. गाडी कारखान्याच्या काट्यावर उभी राहते तेव्हा उसाचे वजन होतेच. त्याच वेळी बॅटरी मारून ती जाकिटे पाहायला अर्धा मिनिट पुरते.