कायद्याचे कुंपण कोणासाठी?

हरियाणात गुडगावजवळ मानेसर येथील मारुती-सुझुकीच्या कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी दंगल उसळली. आग लागली आणि मनुष्यबळ विभागाचे एक महाव्यवस्थापक प्राणास मुकले. पाचशेहून अधिक कायम कामगारांना कंपनीने घरी बसवले. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, ११७ जण निर्दोष सुटले.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांना व वाहिन्यांना दोनच माणसे दिसली. एका बाजूला गुंड कामगार, तर दुसऱ्या बाजूला पिळवणूक करणारा मालक. एकाच छपराखाली कायम कामगार आणि ठेकेदाराचा कमी पगाराचा कामगार शेजारी शेजारी का उभे राहतात, हा प्रश्न मात्र धुरात विरून गेला.

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग कायद्यात आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सरकारने नियम केला की ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करायची किंवा टाळे लावायचे तर आधी सरकारची परवानगी हवी. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. हेतू चांगला होता, पण सरकारदरबारी परवानगी सहजासहजी कोण देतो? मालकांनी सोपी वाट शोधली. कायम माणूस घ्यायचाच नाही, ठेकेदाराकडून आणायचा. कुंपण आतल्या माणसासाठी घातले आणि बाहेरचा कायमचा बाहेर राहिला.

आता सरकार स्वतः कसे वागते ते पाहा. दिल्लीच्या बसगाड्यांत महिलांच्या सुरक्षेसाठी नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक मार्शल म्हणून नेमले होते. २०२३ च्या अखेरीस अशा सुमारे दहा हजार जणांचे काम एका आदेशाने बंद झाले. कोणाची परवानगी लागली नाही, कारण कागदोपत्री ते कर्मचारी नव्हतेच, स्वयंसेवक होते! मग दिल्ली सरकार व नायब राज्यपाल एकमेकांकडे बोट दाखवत बसले. वाहिन्यांना हे भांडण रंगतदार वाटले. ज्या घरची चूल थंडावली, ते घर बातमीत क्षणभरच आले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, हा सरकारी न्याय तो हाच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० झाली. ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, नेमणूकपत्र सक्तीचे झाले आणि कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन पुनर्प्रशिक्षण निधीत भरायचे आहे. कामगार संघटना म्हणतात, ही मालकाला मोकळीक आहे. मोकळीक आहेच. पण काढण्याची भीती कमी झाली तरच मालक घेण्यास धजावेल.

मात्र मोकळीक मिळाल्यावर मालकाची सबबही संपते. कायद्याच्या धाकाने ठेकेदार ठेवावा लागतो, असे ज्यांना आता म्हणता येणार नाही, त्यांनी यापुढे कामगाराला थेट नेमावे, त्याच्या हातात पत्र द्यावे आणि काढताना त्याचे पैसे चुकते करावेत. आणि सरकारने? त्याने आधी आपल्याच दारातल्या ‘स्वयंसेवकाला’ नोकर म्हणण्याचे धैर्य दाखवावे.