आधी तिकीट की आधी खोली?

परदेशप्रवासाविषयी मी लिहावे, हे पाहून आमच्या वर्गातले मित्र हसतील. हसोत बापडे. मी विमान पाहिले आहे ते शेतात उभे राहून, मान वर करून. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच; पासपोर्ट तर कोणाचाच नाही. परंतु गेली दीड वर्षे संध्याकाळी मी एस. टी. स्टँडसमोरच्या एका ऑनलाईन सेवा केंद्रात काम करतो. सात-बाराचे उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि रेल्वेची आरक्षणे यांच्या जोडीला अलीकडे तेथे विमानाची तिकिटेही काढली जातात. तालुक्यातली मुले जर्मनीला, आयर्लंडला शिकायला जातात आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांचे आईवडील आमच्या टेबलापाशी येऊन विचारतात, "आधी तिकीट काढायचे, की आधी हॉटेल?"

या प्रश्नावर दोन तट आहेत. तिकीटवाले म्हणतात, शहरात हॉटेले शेकड्यांनी असतात, पण सोयीची विमाने मोजकी. खर्चात मोठा वाटा तिकिटाचा, आणि त्याचे दर रोज बदलतात. म्हणून दिसले स्वस्त की घ्यावे. दुसरा तट माझ्या आईचा. ती दरवर्षी दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जाते. तिचे म्हणणे, "रात्री पाठ टेकायची जागा आधी बघावी, वाट काय सापडतेच." दिंडीचे मुक्काम आधी ठरतात आणि त्या हिशेबाने चालणे होते, हे खरेच आहे.

मी पूर्वी पहिल्या तटात होतो. आता नाही. त्याला कारण घडले ते सांगतो.

आमच्या गल्लीत एस. टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका राहतात. त्यांचा मुलगा म्युनिकला शिकतो. तो विद्यार्थी वसतिगृहात राहतो. तेथे आईवडिलांना ठेवून घेण्याची सोय नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात काका-काकूंनी तिकडे जायचे ठरवले. जानेवारीत काका मुद्दाम माझ्या कामाच्या वेळेला आले. "तू कॉलेजात आहेस, तूच काढून दे," म्हणाले. पडद्यावर स्वस्त तिकीट दिसत होते. मी घाई केली. १४ मेची दोन तिकिटे, येण्या-जाण्याची, ९८,००० रुपये. त्याच बैठकीत मी वसतिगृहाजवळची एक खोलीही धरून ठेवली; ती आठवडाभर आधीपर्यंत फुकट रद्द करता येणारी होती.

व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. ती वेळ मिळाली २४ एप्रिलची. पुढे आणखी काही कागद मागवले गेले आणि पासपोर्ट हाती आले १९ मे रोजी. व्हिसा मिळाला होता. विमान मात्र पाच दिवसांपूर्वीच गेले होते. खोली आम्ही वेळेत रद्द केली, एक पैसा गेला नाही. तिकिटाचे मूळ भाडे बुडाले. 'परत मिळणार नाही' ही अट पडद्यावर होती. बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. ती मी वाचली नव्हती.

काका रागावले नाहीत. "डेपोतली गाडी चुकली तर दुसरी लागते रे," एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की प्रश्नच चुकीचा विचारला जातो. आधी तिकीट की खोली, हे विचारू नये. काय मोडता येते आणि काय मोडता येत नाही, हे विचारावे. जे मोडता येते ते आधी धरावे. जे मोडता येत नाही त्याचे पैसे सर्वांत शेवटी भरावेत. बहुधा खोली पहिल्या प्रकारात पडते आणि स्वस्त तिकीट दुसऱ्या प्रकारात. पण नेहमीच नाही. परत न मिळणारी स्वस्त खोलीही असते, आणि थोडे जास्त पैसे मोजून रद्द करता येणारे तिकीटही मिळते.

या दोहोंच्याही आधी व्हिसा. शेंगेन देशांचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारणपणे १५ दिवसांत लागतो, परंतु ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. अर्जासोबत मुक्कामाचा आणि प्रवासाचा आराखडा दाखवावा लागतो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आराखडा दाखवणे म्हणजे तिकीट विकत घेणे नव्हे, हे मला कळले नव्हते. काही जण यासाठी खोटी तिकिटे करून देतात. त्या वाटेला मुळीच जाऊ नये. कागद खोटा ठरला तर व्हिसाच नाकारला जातो.

अपवाद अर्थातच आहेत. व्हिसा हाती असेल, किंवा नेपाळसारख्या देशात जायचे असेल, जिथे भारतीयांना तो लागतच नाही, तर तिकीट आधी काढणे शहाणपणाचे. विमानाच्या वेळेवर रात्रींचा हिशेब अवलंबून असतो. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. १४ तारखेला रात्री एकचे विमान म्हणजे १३ च्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचे. येथे चूक झाली की तिकीटही जाते आणि खोलीही. उलट म्युनिकलाच सप्टेंबरअखेरीस ऑक्टोबरफेस्टच्या दिवसांत जायचे असेल, तर माझ्या आईचाच मार्ग बरोबर. तेव्हा खोल्यांचे दर आकाशाला भिडतात.

आणि तिकीट हाती आले म्हणजे प्रवास पक्का झाला, असेही नाही. २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद होती. टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांच्या परताव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

येथे कोणी म्हणेल, थोडे पैसे बुडाले तर एवढे काय? माझा मुद्दा नेमका येथेच आहे. 'दिसले स्वस्त की घ्या' हा सल्ला वर्षाला दोनदा परदेशी जाणाऱ्यांचा आहे. त्यांचे एक तिकीट बुडाले तर पुढच्या दोन तिकिटांत भरून निघते. जो आयुष्यात एकदाच जाणार, ग्रॅच्युइटीच्या पैशांतून जाणार, त्याला ते स्वस्त तिकीट सर्वांत महाग पडते. ज्याच्या हाताशी पैसा कमी, त्याला सूट देणारी अट जास्त मोलाची. आणि नेमकी तीच अट त्याला परवडत नाही म्हणून तो सोडून देतो.

आणखी एक. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आपण पहिले शिकलेले आहोत. शेजारीपाजारी आपल्या हाती फोन देतात आणि "तूच बघ" म्हणतात. हा विश्वास इंग्रजी येण्यावर असतो. मग त्या इंग्रजीतली बारीक अक्षरे वाचून, ती मराठीत मोठ्याने सांगून, समोरच्याला कळल्याशिवाय बटण न दाबणे, एवढे तरी आपल्याकडून व्हायला नको का? मूळ भाडे बुडाले तरी विमानतळशुल्क आणि कर भारतीय कंपन्यांकडून परत मागता येतात, हेसुद्धा लोकांना कोणी सांगत नाही.

आमच्या केंद्रात आता टेबलावर मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर मराठीत चार प्रश्न आहेत: व्हिसा लागतो का? हाती आला का? रद्द केले तर किती परत मिळेल? तेवढे बुडाले तर चालेल का? चौथ्या प्रश्नाला गिऱ्हाईक थोडा वेळ गप्प बसते. मी थांबतो.

काका-काकू अजून गेलेले नाहीत. पुढच्या वर्षी जायचे म्हणतात. परवा रस्त्यात भेटले तेव्हा स्वतःच म्हणाले, "या खेपेला आधी व्हिसा, मग तुझ्याकडे येतो." ते पुन्हा माझ्याकडेच येणार आहेत, याचे मला बरे वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

(द्वितीय वर्ष, कला)