चौसष्टच्या आत

शुक्रवारची रात्र, साडेदहा वाजलेले. लॅपटॉप मांडीवर, मॅगीचा बाउल उशीवर, आणि मोबाइलवर मेसेज. 'उद्या पहाटे पाचला खाली ये. बूट आणि हेल्मेट घे. काम घेऊ नकोस.' पाठवणारी माझी जुनी रूममेट. तिला 'नाही' म्हणायची हिंमत मला कॉलेजातही नव्हती, आता अठ्ठाविसाव्या वर्षी कुठून येणार?

तर मंडळी, शनिवारी सकाळी आम्ही सोलापूर हायवेला लागलो. चौफुल्याला चहा मारला, उजवीकडे सुप्याच्या रस्त्याला वळलो, आणि थोड्याच वेळात ऊस संपून माळरान सुरू झालं. बोरी, बाभळी, मेंढरांचे कळप आणि मध्येच एका शेतावर छोटीशी पागा. इथे आम्ही दोन दिवस 'एन्ड्युरन्स रायडिंग' करणार होतो.

घोडेस्वारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर रेसकोर्स येतो, नाही तर माथेरान. एन्ड्युरन्स या दोन्हींच्या मधलं काही तरी आहे. इथे अंतर लांब असतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एका दिवसात १६० किलोमीटर. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये टेव्हिस कप नावाची राइड १९५५ पासून चालू आहे. डोंगरदऱ्यांतून शंभर मैल आणि वेळ चोवीस तास. आमचा बेत अर्थातच नवशिक्यांचा होता. शनिवारी बारा किलोमीटर आरामात, रविवारी दहा-दहाच्या दोन फेऱ्या. वर्षभर दर रविवारी क्लासला जाऊन मी जेमतेम दुडकीवर तोल सांभाळण्याइतकी तयार झाले होते.

मैत्रिणीकडे मारवाडी घोडी होती. आत वळलेले कान, टोकं जवळजवळ एकमेकांना टेकलेली, चाल एकदम हिरॉइनची. माझ्या वाट्याला आला भीमथडी. बुटका, रुंद छातीचा, चेहऱ्यावर 'बसायचं तर बस' असा भाव. शाळेत महाराष्ट्रगीत म्हणताना आपण ज्या तट्टांचं नाव घेतो ना, तीच ही! मराठ्यांच्या घोडदळाने ज्यांच्या पाठीवर मुलुख पालथा घातला, त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद व्हायला मात्र २०२४ साल उजाडलं. 'तुला मुद्दाम हाच दिलाय,' मैत्रीण म्हणाली. 'हा कधी दमलोय म्हणून सांगत नाही.' मला वाटलं, कौतुक करतेय.

शनिवार म्हणजे शुद्ध चैन. थोडी दुडकी, बरंचसं चालणं, मध्ये उतरून बोरं खाणं. परत आल्यावर जीन उतरवून खरारा केला, चंदी घातली. संध्याकाळी शेकोटीत भाजलेला हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी, वर दही. मांड्या अशा भरल्या होत्या की खाली बसायला दोघींना एकमेकींचा हात लागत होता. मोबाइलला रेंज नाही. म्हणजे स्वर्गच!

रविवारची राइड 'तालमीची' होती. मैत्रीण पुढच्या मोसमात चाळीस किलोमीटरच्या तयारीत असल्यामुळे तिच्या ओळखीचे एक पशुवैद्य आले होते, खऱ्या स्पर्धेसारखी तपासणी करायला. कारण एन्ड्युरन्सचा खरा फंडा तिथेच आहे. प्रत्येक फेरीनंतर 'व्हेट गेट' येतं. तिथे घोड्याचा पल्स मोजतात. तो ठरलेल्या वेळात चौसष्टच्या आत आला पाहिजे. आरामात उभ्या असलेल्या घोड्याचा पल्स असतो तिशी-चाळिशीत, म्हणजे चौसष्ट काही फार कडक नाही. मग हिरडी दाबून बघतात, रंग लगेच परत येतो का. मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, पाणी कमी पडलंय का ते कळायला. पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचे आवाज ऐकतात. शेवटी पळवून बघतात, लंगडतोय का. यातलं एक जरी बिनसलं, तरी आउट. तुम्ही पहिले आला असाल तरी आउट!

गंमत पुढे आहे. तुम्ही गेटवर पोचलात म्हणून घड्याळ थांबत नाही. घोड्याचा पल्स खाली आला की थांबतं. म्हणजे शेवटचा किलोमीटर उधळत आलात आणि घोडा दहा मिनिटं धापा टाकत उभा राहिला, तर मागून रमतगमत आलेला माणूस तुमच्या आधी पुढच्या फेरीला निघतो. म्हणून जाणकार मंडळी शेवटी चक्क खाली उतरतात, तंग सैल करतात आणि घोड्याबरोबर पायी चालत येतात. 'पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं' हे या खेळाचं ब्रीद. टेव्हिसमध्ये तर पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सगळ्यात ताजातवाना, त्याला हॅगिन कप नावाचं वेगळं बक्षीस असतं.

पहिली फेरी आम्ही अशीच केली. शेवटचा अर्धा किलोमीटर पायी, गप्पा मारत. माझ्या भीमथडीचा पल्स निघाला ५८. माझ्या मनगटावरच्या स्मार्टवॉचवर माझा स्वतःचा होता ११८. डॉक्टर हसले, 'ताई, तुम्हाला नसतं सोडलं पुढे!'

दुसऱ्या फेरीत सातव्या किलोमीटरला एक चढ आहे. तिथे वर आलो आणि खिशात मोबाइल थरथरला. एवढ्या माळावर नेमकी तिथेच रेंज! संपादकांचा मेसेज: 'आज बारापर्यंत कॉल करू शकशील? अर्जंट.' पावणेअकरा वाजले होते. फ्रीलान्सर माणसाला 'अर्जंट' हा शब्द दिसला की पुढचं काही दिसत नाही. समोर सरळसोट गाडीवाट. मी टाच मारली.

मागून मैत्रीण ओरडली, 'ए, दुडकीवर ठेव!' ती मुद्दाम मागेच राहिली. आणि खरं सांगू? मजा आली. कानात वारा, धूळ, टापांचा आवाज. तो बुटका तट्टू एकदाही अडला नाही, एकदाही मान झटकली नाही. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला मी उतरलेही नाही.

पल्स ७२.

'वीस मिनिटं आहेत,' डॉक्टर म्हणाले. पागेवरच्या मामांनी मानेवर, पायांवर पाणी ओतायला सुरुवात केली, निथळून काढायचं, परत ओतायचं. मी मोबाइल हातात घेऊन उभी. तेवढ्यात मैत्रीण घोडीला चालवत आली. तिची घोडी ५६. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. दहा मिनिटांनी ६८. घोडा शांत उभा होता, नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. विसाव्या मिनिटाला ६६.

'आउट,' डॉक्टर म्हणाले. 'तसा ठीक आहे. पण आउट.'

दोन ठोके! मी म्हणाले, 'अहो, पण तो तर शेवटपर्यंत मस्त पळत होता.' यावर मामा पहिल्यांदा बोलले. 'ताई, त्यो पळनारच की. सांगितलं तर पडंपर्यंत पळंल. म्हनून तर मोजायचं आसतं.'

अर्ध्या तासाने तो ५० वर आला. लंगडत नव्हता, पाणी प्याला, गवतात तोंड घातलं. मी मात्र पागेच्या भिंतीला टेकून बसले होते. मैत्रीण शेजारी येऊन बसली. वाटलं, झापणार. ती म्हणाली, 'तुला आठवतं, मी लिफ्टमध्ये पडले होते?'

आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी. आम्ही एकाच खोलीत राहायचो. ती तेव्हा एका कंपनीत होती, परदेशातला क्लायंट, रात्री-अपरात्री कॉल. एक दिवस ऑफिसच्या लिफ्टमध्ये चक्कर येऊन पडली. मग टेस्ट, गोळ्या, सहा महिने आईकडे. त्यानंतर तिने नोकरी बदलली आणि घोडे सुरू केले. आम्हा सगळ्यांना ती 'फेज' वाटली होती.

'त्याच्या आधी दोन महिने मी नीट झोपले नव्हते,' ती म्हणाली. 'पण रिव्ह्यू एकदम झकास. सगळे म्हणायचे, ही कधी दमत नाही.'

यावर काय बोलणार? कारण त्या 'सगळ्यां'त मी होते. पहाटे तीनला कीबोर्डवर डोकं ठेवून झोपलेल्या तिचा मी फोटो काढला होता. आमच्या ग्रुपवर टाकला होता, 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' असं लिहून. भरपूर स्मायली आल्या होत्या. चार फुटांवरच्या पलंगावर मी झोपत होते. मोजायचं मला सुचलं नाही.

'सॉरी,' मी म्हणाले. घोड्यासाठी की फोटोसाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं. 'त्याला सांग,' तिने हनुवटीने तट्टाकडे बोट दाखवल्यासारखं केलं. 'त्याचे आता चार दिवस सुट्टीचे. आणि तू मला पायांचा मसाज देणं लागतेस.'

कॉल राहिलाच. संध्याकाळी परतीच्या वाटेवर चौफुल्याला रेंज आली, तेव्हा संपादकांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत दोन हजार शब्द हवे होते. मी म्हणाले, मंगळवारी संध्याकाळी देते. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, 'बरं, चालेल.' बस्स, एवढंच होतं ते अर्जंट!

तुम्हालाही जायचं असेल तर एवढंच सांगते. आधी चांगल्या क्लबमध्ये रीतसर शिका, हेल्मेटशिवाय बसू नका, आणि पहिली राइड अशा कुणाबरोबर करा, ज्याला मागे राहायला लाज वाटत नाही.

रात्री अकराला अंथरुणावर पडले. सगळं अंग ठणकत होतं. मोबाइल वाजला. मैत्रीण. मामांचा निरोप तिने पुढे पाठवला होता: 'चंदी खाल्ली. पल्स ३८.' खाली तिची स्वतःची ओळ.

'तुझा किती?'